जड नाकाची गाडी आणि तराजूचा हिशेब

तराजूशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याला समतोल म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. झुकलेले पारडे वर आणायचे तीन मार्ग आहेत. हलक्या पारड्यात भर घालावी, जड पारड्यातून काही काढावे, किंवा जड पारड्यातले उचलून हलक्यात ठेवावे. तिसऱ्या मार्गात एकाच वजनाने दुप्पट काम होते. मोटारीच्या कारागिरीतही हाच हिशेब चालतो. आज आम्ही तो जुन्या अमेरिकन ‘मसल कार’च्या उदाहरणाने समजावून सांगणार आहोत, कारण पुढचे पारडे जड असण्याचा दोष या गाड्यांत फार स्पष्ट दिसतो.

मसल कार म्हणजे काय?

मध्यम किंवा लहान आकाराच्या साध्या गाडीत मोठे, ताकदवान व्ही-८ इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही कल्पना अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात जोर धरू लागली. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही या पंथातली पहिली मोठी गाडी मानली जाते. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग बाजारात आली. ती फाल्कन या साध्या, किफायतशीर गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती. काटेकोर बोलणारे लोक मस्टँगला वेगळ्या वर्गात घालतात, पण वजनाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

या गाड्या सरळ रस्त्यावर वाऱ्यासारख्या पळत. वळण आले की मात्र त्यांचे नाक बाहेरच्या बाजूला ओढले जाई. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाऊ पाही. बिडाचे इंजिन, बिडाचे हेड, बिडाचे मॅनिफोल्ड, रेडिएटर आणि बॅटरी असा सगळा भार पुढे, आणि मागे जवळजवळ रिकामी डिकी. लहान व्ही-८ असलेल्या १९६५ च्या मस्टँगमध्ये एकूण वजनाचे ५४ ते ५५ टक्के पुढच्या चाकांवर असे. १९६७ मध्ये फोर्डने इंजिनची जागा रुंद करून ३९० घन इंचाचे मोठे इंजिन बसवले. ते लहान इंजिनापेक्षा सुमारे ८० किलोने जड होते आणि पुढचा हिस्सा ५८ टक्क्यांच्या आसपास गेला. शक्ती वाढली, पण वळणावरची पकड घटली.

पुढे भार जास्त, मग पकड कमी का?

येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. चाकावर वजन जास्त असेल तर ते रस्त्याला जास्त चिकटेल, असे वाटते. ते खरे आहे, पण अर्धेच. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. वळताना मात्र जितके वजन तितकीच ओढ बाहेर लागते. ओझे वाढले त्या प्रमाणात हमालाचे बळ वाढत नाही, तसेच हे आहे. म्हणून जड टोकाचे टायर आधी हार मानतात. नाक जड असेल तर पुढचे टायर आधी सरकतात.

एका बॅटरीचा हिशेब

आता आकडे मांडू. समजा गाडी १४०० किलोची आहे आणि पुढे ५५ टक्के, म्हणजे ७७० किलो भार आहे. मागे ६३० किलो राहिले. मस्टँगच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर १०८ इंच, म्हणजे सुमारे २.७४ मीटर आहे. बॅटरी १८ किलोची आणि पुढच्या आसाच्याही ३० सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. ती डिकीत, मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे नेली, तर ती एकूण ३.६४ मीटर सरकली. १८ ला ३.६४ ने गुणून २.७४ ने भागले की उत्तर येते सुमारे २४.

म्हणजे १८ किलोची वस्तू हलवली आणि पुढून २४ किलो भार उतरून मागे गेला. आता पुढे ७४६, मागे ६५४. दोन्ही टोकांतला फरक १४० किलोंचा होता, तो ९२ वर आला. गाडीचे एकूण वजन एका ग्रॅमनेही वाढले नाही.

याउलट काही जण डिकीत वाळूची पोती टाकून नाक हलके करायला जातात. त्याच जागी १८ किलोचे पोते टाकले, तर पुढून जेमतेम ४ किलो उतरतात आणि गाडी मात्र १८ किलोने जड होते. ब्रेकवर, टायरवर आणि पेट्रोलवर तो भार कायमचा पडतो. म्हणून भर घालणे हा शेवटचा मार्ग समजावा.

दुसरा मार्ग काढण्याचा. बिडाचे हेड आणि इनटेक मॅनिफोल्ड काढून अ‍ॅल्युमिनियमचे बसवले, तर लहान व्ही-८ इंजिनात साधारण ३० किलो वाचतात. त्यातले सुमारे २७ किलो पुढच्या चाकांवरचे असतात. वरच्या गाडीत हे केले, तर १३७० किलोंपैकी ७१९ किलो पुढे राहतात, म्हणजे साडेबावन्न टक्के. शिवाय हे वजन उंचावरून उतरते, त्यामुळे वळणावर गाडी कमी कलते. फायबरच्या बोनेटचाही हाच दुहेरी फायदा आहे.

शेल्बी यांनी काय केले?

हे सर्व कागदावरचे गणित नाही. १९६५ मध्ये कॅरोल शेल्बी यांच्या कारखान्याने मस्टँगवरून जीटी-३५० ही गाडी तयार केली. त्या वर्षी अशा ५६२ गाड्या निघाल्या. इंजिन तेच २८९ घन इंचाचे होते, पण शक्ती २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर नेली. कामाचा खरा भाग मात्र वजनाचा आणि सस्पेन्शनचा होता. मागचे सीट काढले. बोनेट फायबरचे केले. इनटेक मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचे घातले. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी डिकीत नेली. पुढे एक इंच जाडीचा अँटिरोल बार लावला, चांगले शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बसवले आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या शॉक टॉवरना आडव्या सळ्यांनी बांधून पुढचा सांगाडा ताठ केला.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल होता वरच्या कंट्रोल आर्मचा. त्याची आतली बिजागरी नवी भोके पाडून एक इंच खाली आणली. गाडी कलली की बाहेरचे चाक वरून बाहेर झुकते आणि टायर कडेवर चालतो. आर्म खाली आणल्यावर ते चाक उभे राहते आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला लागतो. हा बदल ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणून प्रसिद्ध आहे, पण मूळ विचार फोर्डचे अभियंते क्लाऊस आर्निंग यांचा. याच जीटी-३५० ने अमेरिकेतील एससीसीए संस्थेच्या बी-प्रॉडक्शन गटाचे विजेतेपद १९६५, १९६६ आणि १९६७ अशी तीन वर्षे मिळवले. पुढे खर्च वाचवण्यासाठी १९६६ च्या उत्पादनातून हा बदल वगळण्यात आला. म्हणून नावावर न जाता आर्मची भोके प्रत्यक्ष पाहावीत.

कामाचा क्रम

कारागिराने क्रम चुकवला तर पैसा जातो आणि दोष राहतो. आमच्या मते क्रम असा असावा.

१) आधी झीज दुरुस्त करा. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड, मागचे थकलेले पाटे तपासा. मस्टँगच्या शॉक टॉवरला चिरा पडतात, त्या रंगाखाली लपतात. चिरलेल्या सांगाड्यावर नवा सामान लावणे व्यर्थ आहे.

२) मग वजन करा. चारही चाकांखाली चार वेगळे काटे हवेत. ट्रकच्या मोठ्या काट्यावर पाच-दहा किलोचा फरक लपून जातो. टाकी अर्धी भरलेली असावी आणि चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका माणूस बसलेला असावा.

३) जे हलवता येते ते हलवा, मग जे काढता येते ते काढा. या गाड्यांत चालक डावीकडे बसतो, म्हणून बॅटरी डिकीच्या उजव्या बाजूला ठेवणे चांगले.

४) त्यानंतर आर्म, स्प्रिंग आणि अँटिरोल बार. मागे जाड बार लावण्याची घाई करू नये. त्याने मागची पकड सुटते आणि शक्तिमान गाडी वळणावर गरकन फिरते.

५) चारही कोपऱ्यांचे वजन पुन्हा घ्या. पुढचे उजवे आणि मागचे डावे यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याजवळ असावी. एक पाय आखूड असलेले स्टूल जसे डुगडुगते, तशी ही बेरीज बिघडलेली गाडी एका बाजूला चांगली वळते आणि दुसऱ्या बाजूला फसवते.

६) अलाइनमेंट सर्वांत शेवटी. नाक हलके झाले की गाडीची पुढची उंची बदलते आणि जुने माप निरुपयोगी ठरते. कारखान्याचे मूळ आकडे त्या काळच्या जुन्या पद्धतीच्या टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरला कास्टर वाढवून दोन-तीन अंश आणि कॅम्बर अर्धा ते एक अंश आत लागतो. भार मागे गेल्यावर पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाणही तपासावे.

जिवाची जोखीम

बॅटरी डिकीत नेणे सोपे दिसते, पण या कामात सर्वांत मोठा धोका तोच आहे. १९७० पर्यंतच्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे. त्या पत्र्यावर बॅटरी कधीही ठेवू नये आणि तेथे स्क्रूसाठी भोकही पाडू नये. बॅटरी बाजूला, मजबूत पेटीत, पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी. चार्जिंगच्या वेळी साध्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, त्याला नळीने गाडीबाहेर वाट द्यावी. पुढे स्टार्टरपर्यंत जाणारी केबल वेल्डिंगच्या केबलसारखी जाड हवी. पत्र्यातून जाईल तेथे रबरी बुश हवे आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. अपघातात केबल चिरडली आणि फ्यूज नसेल, तर ठिणगी आणि पेट्रोल एकाच डिकीत असतात. शे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी कुणाचे कुटुंब पणाला लावू नये.

मालकाशी बोलताना

अशा गाड्यांची किंमत मूळ सामानावरही ठरते. इंजिन आणि गिअरबॉक्सचे मूळ क्रमांक जुळत असतील तर गिऱ्हाईक जास्त दाम देते. म्हणून कापाकापी आणि वेल्डिंग टाळून नट-बोल्टचे, परत फिरवता येईल असेच काम आधी सुचवावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून मालकाच्या ताब्यात द्यावा. तो भंगारात विकण्याचा हक्क आपला नाही.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम लागू केले. ही सवलत मूळ स्वरूपात जपलेल्या, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेल्या वाहनांसाठी आहे. तेव्हा भोक पाडण्यापूर्वी मालकाला हे सांगावे आणि त्याची लेखी संमती घ्यावी.

कामाआधीची आणि कामानंतरची चारही चाकांची वजने बिलावर लिहून द्यावीत. ‘गाडी आता मस्त वळते’ हे कोणीही म्हणेल. पुढून किती किलो उतरले हे जो कारागीर काट्यावर दाखवतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.