ट्रॅक्टरचा परवाना आणि ट्रॉलीचं ओझं

कर्जत-खालापूर भागात वीटभट्ट्यांचा हंगाम लागला की विटांनी भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या परवान्यावर अशी ट्रॉली ओढता येते का? या प्रश्नाचे आज आपण दोन भाग करू. चालक पात्र आहे का, हा पहिला. ओझं किती चालेल, हा दुसरा. या दोन्हींची गल्लत झाली की नुकसान ठरलेलं.

आधी चालकाचं बघू. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. पण मोजण्याची रीत वेगवेगळी. टेम्पोचं वजन मालासकट धरतात, ट्रॅक्टरचं मात्र रिकाम्याचं. आपले शेतीचे ट्रॅक्टर त्यात सहज बसतात. मग ट्रॉली जोडल्यावर चालक अपात्र ठरतो का? सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी खटल्यात सांगितलं, तेवढ्यावरून ठरत नाही. पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला मोकळीक दिली.

म्हणून बोरघाट चढणारा कंटेनरचा ट्रेलरही चालेल, असं कुणी समजू नये. त्याला परिवहन वाहनाचा परवाना लागतो. त्यासाठी वय किमान २० आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर जुना असावा लागतो.

आता ओझं. चालक पात्र असला म्हणजे कितीही भरावं असं नाही. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच आहे. तिची नोंदणी वेगळी, विमाही पाहिजे. नोंदणीच्या कागदावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. एक वीट तीन किलोची धरली, तर हजार विटा म्हणजे तीन टन झाले. मर्यादेपेक्षा दोन टन जास्त भरले, तर कलम १९४ प्रमाणे वीस हजार आणि दर जादा टनाला दोन हजार, म्हणजे २४,००० रुपये दंड. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, आणि उतरवायचा खर्चही आपलाच.

दंड एकदा भरून सुटता येतं. पण उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटते, ब्रेक पुरत नाही, आणि समोर दुचाकीवर कुणीतरी असतं. अशा वेळी विमा नसेल, तर भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. त्यात शेतजमीनही जाऊ शकते.

तेव्हा भट्टीवरून निघण्याआधी तीन गोष्टी पाहू : चालकाचा परवाना, ट्रॉलीच्या कागदावरचं वजन आणि दोन्हींचा विमा.