डब्यातल्या गोळ्या आणि नवा गुडघा

शेजारच्या काकूंचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले. परवा भेटायला गेलो, तर काकांनी बिस्किटांचा डबा उघडून दाखवला. आत अँटिबायोटिकची पाच पाकिटं! "डॉक्टरांनी बंद केल्यात, पण आत एवढं मेटल बसवलंय. मीच आणल्या मेडिकलमधून."

जास्त दिवस गोळ्या म्हणजे सांधा जास्त सुरक्षित, हे ऐकून ऐकून आता कान किटले आहेत. सुरुवातीच्या संसर्गाचे जंतू बहुधा ऑपरेशन चालू असतानाच आत शिरतात. म्हणून इंजेक्शन चीर देण्याआधी, साधारण तासाभरात द्यायचं. टाके पडले की त्याचं काम संपलं. ऑपरेशननंतर हे प्रतिबंधक औषध लांबवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय. (संसर्ग झाल्यावर दिलेला लांबलचक कोर्स वेगळा, तो पुराच करायचा.)

"पण धातूवर जंतू बसले तर?" काकांचा प्रश्न रास्त होता. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत जंतू टोचून पाहिले. एरवी पू व्हायला लाखो जंतू लागत. तिथे रेशमी टाका असला की काही शेकडाच पुरत. परक्या वस्तूला चिकटलेले जंतू स्वतःभोवती थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. मोरीच्या जाळीखाली बोट फिरवा, तोच बुळबुळीतपणा. त्याच्या आत सुस्तावलेले जंतू नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत.

जखम पाझरायला लागल्यावर घरच्या घरी गोळी सुरू करणं तर त्याहून वाईट. मग सांध्यातलं पाणी तपासायला पाठवलं तरी त्यात जंतू उगवत नाहीत आणि निदान हुकतं. पाझर दिसला की थेट सर्जनकडे जायचं, मेडिकलमध्ये नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. टायटॅनियमला इन्फेक्शन होत नाही? होतं. महिना निभावला की सुटलो? रक्तावाटे जंतू वर्षांनंतरही पोचतात. आदल्या रात्री घरी वस्तरा फिरवायचा? अजिबात नको, केस काढायचेच असतील तर हॉस्पिटलात, क्लिपरनं. दात काढताना गोळी? कृत्रिम सांध्यासाठी सहसा लागत नाही, हृदयाची झडप कृत्रिम असेल तर लागते.

साखर चढलेली असली की संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून निघताना काकूंची शुगर विचारली.

"ती कशाला तपासायची?" काका म्हणाले. "गोळी चालू आहे ना!"