थ्रॉटल बॉडीतील कूलंटचा प्रवाह वळविणे : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :
१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काळात पिंपरी-चिंचवड परिसर मोटार उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखला जाऊ लागला. हा विस्तार पुढे चाकणपर्यंत पोहोचला. २००९ साली फोक्सवॅगनने तेथे मोटारनिर्मिती सुरू केली. येथे तयार होणारी मोटार केवळ येथेच धावत नाही, ती काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाते. थ्रॉटल बॉडीला गरम कूलंट पुरविणाऱ्या नळ्यांचा विचार या दृष्टीने करावा लागतो. या नळ्या काढून त्यांची टोके परस्परांना जोडली असता इंजिनाची शक्ती वाढते, असा समज हौशी मोटारधारकांत आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

नळ्यांचे प्रयोजन :
पेट्रोल इंजिनात जाणाऱ्या हवेचे नियमन थ्रॉटल बॉडीतील गोल झडप करते. झडप अर्धवट उघडी असताना अरुंद फटीतून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब घटतो व तापमान खाली येते. हवा थंड व दमट असल्यास तिच्यातील बाष्प झडपेच्या कडेवर गोठू शकते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे बाष्पीभवनही तेथेच होत असल्याने हा धोका अधिक असे. इंधन झडपेच्या पुढे फवारले जाणाऱ्या इंजिनात तो कमी झाला, परंतु नाहीसा झाला नाही. बर्फाने झडप अडकल्यास ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनाचा वेग उतरत नाही, अथवा इंजिन बंद पडते. म्हणून सुमारे ९० अंश सेल्सिअस तापमानाचे कूलंट थ्रॉटल बॉडीतून फिरविले जाते.

लाभाचे गणित :
थंड हवा अधिक घन असते व तिच्यामुळे शक्ती वाढते, हे तत्त्व बरोबर आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. उदाहरणार्थ, १.२ लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा घेते. ४५ मिलिमीटर व्यासाच्या व ६ सेंटिमीटर लांबीच्या थ्रॉटल बॉडीतून ही हवा सुमारे २ सहस्रांश सेकंदात पार होते. बाहेरचे तापमान ३५ अंश धरल्यास एवढ्या अवधीत हवा अंदाजे एक ते दोन अंशच तापते. म्हणजेच शक्तीतील फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. ८० अश्वशक्तीच्या इंजिनात तो अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी भरतो. कमी वेगात हवा अधिक तापते हे खरे, परंतु तेव्हा पूर्ण शक्तीची गरजच नसते. चालक पेडल किंचित अधिक दाबून आवश्यक तेवढी हवा घेतो.

संभाव्य हानी :
काही जुन्या इंजिनांत थंड अवस्थेतील आयडलिंगचा वेग मेणयुक्त झडपेद्वारे नियंत्रित होतो व ती झडप याच कूलंटने तापते. प्रवाह वळविल्यास ती उघडीच राहून आयडलिंगचा वेग वाढलेला राहतो आणि पेट्रोल वाया जाते. नळीची जोडणी सदोष असल्यास कूलंट गळते, प्रणालीत हवा शिरते व इंजिन अतितप्त होते. पुणे-नाशिक मार्गावर चाकणच्या वाहतूक कोंडीत तासभर अडकलेल्या मोटारीसाठी हा धोका अर्ध्या अश्वशक्तीपेक्षा निश्चितच मोठा आहे. अशा कोंडीत बॉनेटखालची तप्त हवा इंजिनात शिरणे हेच शक्ती घटण्याचे मोठे कारण असते. त्यावर उपाय म्हणजे बाहेरील हवा आणणारी नलिका व एअर फिल्टर सुस्थितीत ठेवणे.

समारोप :
पिंपरी-चिंचवडच्या हवामानात थ्रॉटल गोठण्याचा प्रसंग क्वचितच येईल, हे मान्य करावे लागते. तथापि हीच मोटार उद्या विकली जाऊन हिमाचलात जाऊ शकते, आणि नव्या मालकाला काढलेल्या नळ्यांची कल्पनाही नसते. तेथे अडकलेली झडप घाटातील वळणावर जीवावर बेतू शकते. नगण्य लाभासाठी दुसऱ्याची सुरक्षितता पणाला लावणे अभियांत्रिकीच्या विवेकाला धरून नाही. या पट्ट्यातील तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखादा भाग काढण्यापूर्वी तो का बसविला गेला याचा शोध घ्यावा आणि शक्तिवाढीचा प्रत्येक दावा डायनॅमोमीटरवर मोजून पाहावा.