गुडघ्यातलं इंजेक्शन आणि उसाचा पट्टा

‘इंजेक्शन घेतलं, गुडघा हलका झाला, म्हणजे औषध लागू पडलं.’ अनुभव खरा असतो, निष्कर्ष मात्र घाईचा. झिजेचा संधिवात चढतो-उतरतो. माणूस सुई टोचून घ्यायला जातो तो बहुधा दुखणं असह्य झाल्यावर. पुढं ते काहीसं उतरतंच.

समजा, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला नवं खत पारखायचं आहे. तो एक पट्टा बिनखताचा ठेवेल. पाऊस चांगला झाला तर दोन्हीकडचा ऊस तरारेल. खताचं श्रेय फक्त फरकापुरतं. औषधाच्या चाचणीत बिनखताचा पट्टा म्हणजे तुलना-गट (औषधाऐवजी सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलेले रुग्ण). कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू देत नाहीत. ही फसवणूक नव्हे. तशी शक्यता आधी सांगून संमती घेतलेली असते.

ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर पीआरपीची (रुग्णाच्याच रक्तातला, प्लेटलेट जास्त असलेला द्रव) अशी चाचणी झाली. निकाल २०२१मध्ये आला. वर्षभरानं ० ते १०च्या मोजपट्टीवर वेदना पीआरपी गटात सरासरी २.१नं उतरली होती, सलाईन गटात १.८नं. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो.

भारतात २००९पासून औषध-चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे. चाचणीत सहभागी व्हा, असं कुणी सुचवलं, तर नोंदणी क्रमांक जरूर मागा.