एक दिवसाची सहल : नांदूर मध्यमेश्वर व कुंदेवाडी

सहल म्हटली की आपल्या शेतकरीबंधूंच्या डोळ्यांपुढे लांबची क्षेत्रे व मोठी शहरे उभी राहतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्या निफाड तालुक्यास फार लागू पडते. एका दिवसात पाहून संध्याकाळी धारेच्या वेळी घरी परत येता येईल अशी दोन स्थळे येथे आहेत. दोन्ही केवळ करमणुकीची नव्हेत. आपल्या शेतीशी त्यांचा निकट संबंध आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही चार-पाच सभासद ती पाहून आलो, त्याची हकिकत वाचकांस सादर करीत आहो.

पहाटे निघावे हे उत्तम. थंडी कडक असते, तेव्हा कानटोपी व घोंगडी विसरू नये. दशम्या-भाकरी बरोबर घ्यावी, आणि मिळाल्यास एखादी दुर्बीणही. उजाडता उजाडता नांदूर मध्यमेश्वरास पोचले म्हणजे जलाशयावरचे धुके विरत असते आणि पाखरांची जाग होत असते.

गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. पाखरांचे रान करावे हा बांधणाऱ्यांचा मुळीच हेतू नव्हता. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांत वळवावे, एवढेच त्याचे काम. इगतपुरीकडील दारणा धरण १९१६ साली पुरे झाले आणि ते पाणी नदीने येथवर येऊन पुढे कोपरगाव, राहाता भागांतील उसास मिळू लागले. आजही या बंधाऱ्याचे मुख्य काम हेच आहे.

मग पाखरे कशी आली? बंधाऱ्यापाशी नदीचा वेग मंदावतो. वेग मंदावला की पाण्याबरोबर आलेला गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी, दलदल व बेटे तयार झाली. त्यांवर लव्हाळे व पाणगवत वाढले. मासे, गोगलगाई, किडे यांची समृद्धी झाली. भक्ष्य आणि आसरा एके ठिकाणी मिळाल्यावर पाहुण्यांस आमंत्रण लागत नाही. चक्रवाक, तलवार बदके, पट्टकदंब, करकोचे हे हिवाळ्यात उत्तरेकडून, कित्येक तर हिमालयापलीकडून येतात. शराटी, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या तर डोळ्यांपुढेच हिंडत असतात. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२० च्या जानेवारीत रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत याची गणना झाली. महाराष्ट्रात हा मान प्रथम यालाच मिळाला.

येथवर सर्व आनंदाचे झाले. परंतु नाण्यास दुसरी बाजू आहे. काठावरचा एक वृद्ध शेतकरी आम्हांस आपल्या हरभऱ्याच्या शेतात घेऊन गेला. करकोच्यांचा थवा पहाटे उतरून शेंडे व घाटे खाऊन गेला होता. "लोक मोटारीने येतात, पाखरे पाहून खूष होतात, त्यांच्या जेवणाची पंगत मात्र माझ्या वावरात बसते," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हे. मात्र नांगरामागे फिरून हुमण्या वेचणारे बगळे आणि उंदीर टिपणारे ससाणे हेही याच परिसरातले, हे त्यानेच पुढे आपण होऊन सांगितले. पाखरांचा जमाखर्च मांडताना जमेची बाजू कोरी ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

यापेक्षा गंभीर गोष्ट गाळाची आहे. ज्या गाळाने पाखरांस घर दिले, त्यानेच जलाशयाची साठवण कमी केली. पात्र उथळ झाले म्हणजे पुराचे पाणी पसरते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चांदोरी व सायखेडा येथे पाणी घराघरांत शिरले होते, हे आपण विसरलो नाही. पुराची कारणे एकापेक्षा अधिक असतात. पण बेटावरची ती काळी माती हाती घेऊन आम्ही पाहिली, तेव्हा ती ओळखीची वाटली. ती आकाशातून पडलेली नाही. ज्या शेतास बांध नाही, जेथे उताराच्या दिशेनेच नांगर चालतो, त्या शेताची ती वरची, कसदार माती होय. शेतकऱ्याचे भांडवलच तेथे साचलेले आहे.

दुपारी निफाडलगतच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रास जावे. आधी कळवून गेल्यास सर्व नीट पाहता येते. येथील काम जुने आहे. निफाड ४ या वाणाचा केनियातील गव्हाशी संकर करून तांबेऱ्यास तोंड देणारे 'केनफाड' वाण निघाले, ते मूळ या भूमीतले. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती, फुले समाधान ही पुढील वाणांची नावे तर आपल्या घरातलीच झाली आहेत. वर्तमानपत्रांत निफाडच्या कडाक्याच्या थंडीचा जो आकडा छापून येतो, तोही येथेच मोजलेला असतो. त्याच थंडीने गव्हास फुटवे चांगले येतात आणि द्राक्षाच्या मण्यांस तडे जातात. एकाच्या बांधावर आनंद, तर दुसऱ्याच्या बागेत पहाटेच्या शेकोट्या! दोन्ही पिके ज्याच्या घरी आहेत त्याने तेथील तज्ज्ञांस पेरणीची वेळ व वाण यांविषयी अवश्य विचारावे. आमच्यापैकी दोघांनी उशिराच्या पेरणीसाठी वाण बदलण्याचे तेथेच ठरविले.

परतताना निफाड गावात क्षणभर थांबावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी येथे झाला. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ साली जो कायदा झाला, त्याखालील खास न्यायाधीशाचे काम त्यांनी पुढे केले. शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करणारा हा पुरुष आपल्याच गावचा, हे मुलांस सांगण्यासारखे आहे.

मुलांस बरोबर न्यावेच. त्यांना पाखरांची नावे विचारू द्यावीत. आणि बंधाऱ्याच्या काठी उभे करून ती बेटे कशाची झाली, हेही सांगावे. पुढील पावसाळ्यापूर्वी आपल्या शेताचे बांध दुरुस्त करून उताराला आडवी नांगरट करण्याचा निश्चय घरी आणला, तर त्या दिवसाचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.