अर्पण केलेली वस्त्रे व घरातील जुनेर : सुई-दोऱ्याने त्यांना पुन्हा उपयोगात कसे आणावे?



नवरात्र संपले, की देवीच्या ओटीत आलेल्या साड्या व खण यांचे गठ्ठे देवळाच्या कोठीत साठतात. घरोघरी दिवाळीची साफसफाई निघाली, की विरलेली लुगडी, जुनी धोतरे, मुलांना आखूड झालेले कपडे बाहेर येतात. या वस्त्रांचे पुढे काय करावे, असा प्रश्न अनेक भाविक आम्हांला विचारतात. देवाचे वस्त्र उकिरड्यावर टाकणे मनाला पटत नाही, म्हणून पुष्कळजण ते निर्माल्याबरोबर नदीत सोडतात. हेतू शुद्ध असला तरी परिणाम शुद्ध राहत नाही. त्याऐवजी ही वस्त्रे शिवणकामाने पुन्हा सेवेत कशी आणता येतील, याची माहिती प्रस्तुत लेखात देत आहोत.

नदीत सोडलेल्या वस्त्राचे काय होते?

आपल्या बालाघाट जिल्ह्याची जीवनदायिनी वैनगंगा सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावते. बालाघाटातून ती महाराष्ट्रात भंडारा, गडचिरोलीकडे जाते, वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते व शेवटी गोदावरीत विलीन होते. म्हणजे आपण येथील घाटावर जे सोडतो, ते खालच्या अनेक गावांच्या पाण्यात जाते.

पूर्वी वस्त्र सुती अथवा रेशमी असे. कापूस हा वनस्पतीचा तंतू. पाण्यात व मातीत तो काही महिन्यांत कुजून जातो. आज ओटीत येणाऱ्या साड्यांपैकी पुष्कळ साड्या पॉलिएस्टरच्या असतात. हा धागा खनिज तेलापासून बनतो व वर्षानुवर्षे कुजत नाही. तो झाडांच्या मुळांना व घाटाच्या पायऱ्यांना अडकून राहतो आणि झिजून त्याचे बारीक तंतू पाण्यात मिसळतात. आपल्या पूर्वजांची रूढी ज्या वस्त्रासाठी होती ते वस्त्र बदलले आहे. म्हणून रूढीचाही विचार व्हावयास हवा.

जुने वस्त्र जपणे ही आपलीच परंपरा

संस्कृतमध्ये ठिगळे जोडून केलेल्या वस्त्राला 'कन्था' म्हणतात. जोगी-बैरागी ती अंगावर वागवीत. बंगालमधील 'काँथा' हे भरतकाम त्याच नावाने ओळखले जाते. जुन्या साड्यांच्या काठांतून काढलेल्या धाग्यांनी तेथील स्त्रिया ते करीत असत. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ ही त्याच कुळातील. उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंदी' शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी फुले लावल्याशिवाय ती पूर्ण मानीत नाहीत.

संत नामदेव महाराज शिंप्याच्या घरी वाढले, हे सर्वांना ठाऊक आहेच. आपल्या विदर्भातील संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घालीत. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. ज्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या त्यांनी स्वतःसाठी मात्र चिंधी पुरेशी मानली. फेकून दिलेल्या वस्तूलाही मान असतो, हे त्यांच्या वेषानेच शिकविले.

जपानमध्ये ८ फेब्रुवारीला, काही ठिकाणी ८ डिसेंबरला, मोडलेल्या सुया देवळात नेऊन सोयाबीनच्या मऊ पनीरात टोचून ठेवतात व वर्षभराच्या कष्टाबद्दल त्यांचे आभार मानतात. आपल्याकडे दसऱ्याला शिवणयंत्रावर फूल वाहिले जाते, त्यामागेही हाच भाव आहे.

प्रथम वर्गवारी करावी

शिवावयास बसण्यापूर्वी वस्त्रांचे चार ढीग करावेत.

१) देवाला वाहिलेली, कोणीही न नेसलेली कोरी वस्त्रे. यांतून देवाची वस्त्रे, आसने, पडदे व तोरणे करावीत. नेसलेल्या कपड्यांपासून देवाची वस्त्रे करू नयेत, हा सोवळ्याचा संकेत पाळावा.
२) जरीकाठी व चमकदार साड्या. या रामनवमी, गोकुळाष्टमी यांच्या शोभायात्रेतील पात्रांच्या पोशाखासाठी, तसेच दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत होणाऱ्या दंडारीतील सोंगांसाठी उपयोगी पडतात.
३) वापरलेली मऊ सुती लुगडी व धोतरे. ही गोधडीसाठी उत्तम.
४) उरलेले लहान तुकडे. यांतून गोमुखी, पोथीचे बासन, बटवे व प्रसादाच्या पिशव्या होतात.

देवाची वस्त्रे

मूर्तीचे माप दोऱ्याने घ्यावे व दोरा कापडावर ठेवून खूण करावी. मूर्तीचे हात स्थिर असल्याने अंगरखा डोक्यावरून घालता येत नाही. म्हणून तो पाठीमागे पूर्ण उघडा ठेवून नाडीचे बंद लावावेत. शिलाईसाठी चारही बाजूंस दीड सेंटिमीटर कापड जास्त सोडावे. आतून सुती अस्तर द्यावे, म्हणजे जर मूर्तीवर घासत नाही व अभिषेकानंतरचा ओलावा अस्तर शोषून घेते. साडीचा काठ नेहमी खालच्या कडेला येईल असे बेतावे. काठ मुळातच पक्का असल्याने ती कड दुमडण्याचे श्रम वाचतात.

उत्सवातील पोशाख

सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर असते. तिच्यातून प्रत्येकी दोन मीटर कापड घेतल्यास दोन लहान मुलांची पीतांबरे होतात, आणि उरलेल्या दीड मीटर पदराचा शेला होतो. कमरेपासून घोट्यापर्यंतचे माप घेऊन निऱ्या आधीच शिवून टाकाव्यात व वर नेफा करून त्यात इलॅस्टिक ओवावे. असे पीतांबर मिरवणुकीत सुटत नाही व पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलालाही बसते. मुकुटासाठी जाड पुठ्ठ्यावर काठाची पट्टी चिकटवून आतून मऊ कापड लावावे, म्हणजे कपाळाला पुठ्ठा टोचत नाही. हल्लीची बरीचशी जर प्लास्टिकच्या पातळ पट्टीची असते. ती मुलांच्या गळ्याला काचते, म्हणून गळ्याला सुती गोट अवश्य लावावा.

येथे एक गोष्ट सर्व पालकांच्या विशेष निदर्शनास आणून द्यावीशी वाटते. पॉलिएस्टरचे कापड आगीच्या संपर्कात आले, की वितळून कातडीला चिकटते व जखम खोल होते. सुती कापडही पेट घेते, परंतु ते अंगावर वितळत नाही. ज्या मुलांना आरतीचे ताट, निरांजन अथवा मशाल हाती घ्यावयाची आहे, त्यांना चमकदार कृत्रिम वस्त्र, लोंबते शेले व ओढण्या देऊ नयेत. त्यांचा पोशाख अंगाबरोबर बसणारा व सुती असावा. शोभेपेक्षा मूल मोलाचे आहे.

गोधडी

जुनी लुगडी धुऊन कडक उन्हात वाळवावीत. खळ राहू देऊ नये. एक सहावारी साडी लांबीत तीन पदरी दुमडली, की सुमारे १ मीटर ८० सेंटिमीटर लांब व १ मीटर १० सेंटिमीटर रुंद अशी एका माणसापुरती गोधडी होते. विरलेले कापड आत घालावे, बळकट कापड वर-खाली घ्यावे. सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीवर थर पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवावे, सुरकुत्या हाताने काढाव्यात आणि लांब टाके घालून थर टाचून घ्यावेत. मग कडेपासून आत येत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालावा. घाई करू नये. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. बैहरच्या पठारावरील हिवाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना यात्रेकरूंच्या निवासात अशा गोधड्यांचे मोल सांगावे लागणार नाही.

गोमुखी व बासन

जपमाळेसाठी गोमुखी शिवताना गाईच्या मुखाच्या आकाराचे दोन सारखे तुकडे कापावेत, हात आत जाईल एवढी एक बाजू उघडी ठेवून बाकी कडा जोडाव्यात. जपात तर्जनीचा स्पर्श माळेला होऊ देत नाहीत, म्हणून ते बोट बाहेर राहील असे लहान छिद्र ठेवून त्यास काजाप्रमाणे शिवून घ्यावे. पोथीच्या बासनासाठी सुमारे ६० सेंटिमीटर चौरस दुहेरी सुती कापड घेऊन एका कोपऱ्याला लांब नाडी लावावी. सुती बासनात हवा खेळती राहते. प्लास्टिकच्या पिशवीत पोथीला दमटपणा धरतो.

विणकराचे स्मरण

आपल्या जिल्ह्यातील वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागावर एकेक धागा ओवून विणलेले वस्त्र आपण एकदा वापरून पाण्यात सोडतो, तेव्हा विणकराच्या श्रमाचाही अनादर होतो. देवीला साडी वाहण्याचा नवस असेल, तर शक्यतो सुती किंवा हातमागाची वाहावी. ऐपत नसेल तर सुती खण वाहावा. तो पुढे देवाचे आसन होईल, गोमुखी होईल किंवा एखाद्या बाळाचे टोपडे होईल.

सभासदांनी व भाविकांनी ध्यानात ठेवावे

अर्पण केलेले वस्त्र हे देवस्थानची ठेव आहे. त्याची नोंदवहीत नोंद व्हावी. ते कोणत्या कामी लावले, हेही लिहिले जावे व विचारणाऱ्या भाविकास दाखविले जावे. भाविकाचा विश्वास ही नोंदच टिकविते. आपले वस्त्र पुढे उपयोगात आणण्यास संमती आहे किंवा नाही, हे भाविकांनी अर्पण करतानाच सांगावे. ज्यांना शिवणकाम येते, त्यांनी ते नव्या पिढीतील मुला-मुलींना शिकवावे. धावदोरा शिकावयास एक दुपार पुरते.

वस्त्र देवाच्या चरणी ठेवले, म्हणजे आपली सेवा संपली असे नाही. तेच वस्त्र थंडीत कुडकुडणाऱ्या एखाद्या यात्रेकरूच्या अंगावर ऊब होऊन गेले, तर ते अर्पण खऱ्या अर्थाने पोचले, असे आम्ही मानतो. सर्वांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.