चौकट : लाल निशाणाखालची स्वदेशी बोट

प्रत्येक जहाज कंपनीचा स्वतःचा झेंडा असतो आणि तो डोलकाठीवर चढतो. जहाजाच्या मागच्या टोकाला मात्र देशाचे निशाण लागते. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा मालकी हिंदी असूनही कायद्याने मागे ब्रिटिश व्यापारी जहाजांचे लाल निशाणच लावावे लागे.

ही बोट मुळात 1891 ची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेऊन रुग्णालय-जहाज केली. पुढे ती सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या भागीदारांनी घेतली. त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नावही शिंद्यांवरूनच आले.

लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दर पाडून सिंदियाला बुडवण्याचा प्रयत्न केला. 1923 च्या करारात सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते राहण्याची अट स्वीकारावी लागली. तरीही कंपनी टिकली, ही मला तिची सर्वांत मोठी कमाई वाटते. 1941 मध्ये विशाखापट्टणमला तिच्या गोदीची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांनी केली. तिथे बांधलेली ‘जलउषा’ 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

स्वतंत्र भारताच्या व्यापारी जहाजांचे निशाण आजही लालच आहे, पण त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा असतो. 5 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.